पाच तास, बारा घंटे

कामावर किती वाजता येता आणि घरी किती वाजता जाता, हा एकच प्रश्न मी तीस वर्षं लोकांना विचारत हिंडले. एवढ्या चौकश्या तर सुनेला सासूही करत नसेल. कामगार खात्यात मी निरीक्षक होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले, आणि तेव्हापासून मी स्वतः किती वाजता उठते, किती वाजता झोपते, हे मला कोणी विचारलेलं नाही. फार बरं वाटतं.

मूळची मी नाशिकची. गोंदियाला बदली झाली तेव्हा घरच्यांनी असे चेहरे केले, जणू मी काळ्या पाण्यावर निघाले होते. "दोन वर्षं काढ, मग वशिला लावू," असं सासरे म्हणाले होते. तो वशिला काही लागला नाही. नंतर मीच लावू दिला नाही, आणि आता निवृत्तीनंतरही इथेच राहते आहे. इथलं माणूस तोंडावर बोलतं, मागून बोलायला त्याला वेळ नसतो. माझ्यासारख्या फटकळ बाईला असंच गाव लागतं.

आमचं काम बाहेरच्याला सांगायला सोपं आहे. कायदा म्हणतो, माणसाकडून दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास काम घ्या. सलग पाच तास झाले की अर्धा तास विसावा द्या. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. त्याच्यापुढे थांबवून घेतलंत तर त्या वेळेचा मोबदला दुप्पट. बस, एवढंच. हे सगळं पोस्टकार्डावर मावेल, पण पाळायचं म्हटलं की मालकांना ते गीतेहून अवघड वाटतं. आता म्हणे कायदे नव्याने मांडलेत, तासांची मर्यादा वाढवायचं चाललंय. त्यातलं मला विचारू नका, माझा अभ्यास जुन्या पुस्तकाचा आहे.

आणि गंमत अशी की दुसऱ्याचा ओव्हरटाइम मोजणाऱ्या आम्हाला ओव्हरटाइम नव्हता. सरकारी कचेरी पावणेदहा ते सव्वासहा, शनिवार-रविवार सुट्टी, असं कागदावर. निवडणूक लागली, कुठल्या मोर्चाचं निवेदन आलं, विधानसभेत कोणी प्रश्न विचारला, की तो कागद गुंडाळून ठेवायचा. साहेबलोकांना जादा कामाचं फळ म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी काम मिळतं. आमच्या जीपच्या चालकाला मात्र अतिकालिक भत्ता मिळायचा. तो गाडी चालवणार म्हणून त्याला भत्ता, मी त्याच्याच शेजारी बसलेली तर मला काही नाही. त्यामुळे सव्वासहा वाजून गेले की गाडीचा वेग आपोआप कमी व्हायचा आणि मी दात-ओठ खात बसायचे. त्याच्यावर मी कधी कारवाई केली नाही. नियम त्याच्या बाजूने होता, आणि नियम ज्याच्या बाजूने आहे अशी माणसं मला फार क्वचित भेटली.

कोहमाऱ्याच्या एका ढाब्यावरचा आचारी आठवतो. पन्नाशीचा, छत्तीसगडकडचा माणूस. मी विचारलं, "तुमची साप्ताहिक सुट्टी कधी असते?" तो म्हणाला, "जब हायवे बंद रहता है." मी ढाबेवाल्याला नोटीस काढली, दर मंगळवारी त्याला सुट्टी द्यायला लावली. महिन्याने मंगळवारीच पुन्हा गेले, खात्री करायला. तर हा गडी इस्त्रीचा शर्ट घालून त्याच ढाब्याबाहेर खाटेवर बसलेला. गिऱ्हाईक म्हणून जेवत होता आणि आत ओरडून सांगत होता, "दाल में नमक कम है!" मालक कपाळाला हात लावून बसला होता. मी तपासणी-पत्रकात लिहिलं, सुट्टी दिली जाते. जाणार कुठे हा रकाना आमच्या पत्रकात नव्हता.

असे किस्से खूप आहेत, आणि सांगताना त्यात मी नेहमी शहाणी असते. एक प्रकरण असं आहे की त्यात मी शहाणी नव्हते. तेच सांगायला बसले आहे.

अर्जुनी तालुक्यात, केशोरीच्या वाटेवर एक राईस मिल होती. नाव सांगत नाही, तिथे आता मालकही वेगळा आहे. उसना तांदूळ करायची मिल. उसना म्हणजे धान आधी भिजवायचं, वाफेवर शिजवायचं, मग उन्हात वाळवून भरडायचं. वाळवायला मिलच्या पुढ्यात सिमेंटचं भलंमोठं अंगण असतं. वाफाळलेलं धान त्यावर पसरतात आणि बायका त्यातून पाय घासत, नाहीतर लाकडी दाताळं ओढत येरझारा घालतात. वरचं खाली, खालचं वर. उन्हाळ्यात ते सिमेंट असं तापतं की मी बुटासकट पाच मिनिटं उभी राहू शकले नाही.

मी तपासणीला गेले तेव्हा वीसेक बायका होत्या. जीप दुपारनंतर दुसऱ्या साहेबांना हवी होती, त्यामुळे मी घाईत. मुनीम माझ्या बाजूला खुर्ची घेऊन बसला, ताक मागवलं, एकेक बाई पुढे येऊ लागली. मी पत्रकातला प्रश्न शुद्ध मराठीत, शब्दाला शब्द विचारत होते.

"बाई, तुम्ही दररोज किती तास काम करता?"

"पाच, जी."

ही सायत्राबाई. चाळिशीची, उंच, काटक, डोक्याला फडकं गच्च बांधलेलं. मी लिहिलं, पाच तास. पुढची म्हणाली चार. पुढची पाच. एक पोटुशी बाई होती, ती म्हणाली दोन. मुनीम म्हणाला, "बाया आपल्या सोयीनं येतात मॅडम, कोणावर जबरदस्ती नाही." मला वाटलं, वा, गरोदर बाईला दोनच तास! असा मालक जिल्ह्यात दुसरा नसेल. शेवटच्या रकान्यात सोयी-सुविधा लिहायच्या असतात. मुनीम हौसेने सांगू लागला, पिण्याच्या पाण्याची सोय आहे, सावलीला शेड आहे, केशोरीहून बायांना आणायला-सोडायला फुकट गाडी आहे, सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, एकच खेप. मी तेही लिहिलं. त्याने सही केली, बायांनी अंगठे दिले, आणि मी जीपमध्ये बसले. सरकारी पत्रकातल्या दोन रकान्यांची एकमेकांशी ओळख नसते, आणि त्या दिवशी ती मीही करून दिली नाही.

दोन महिन्यांनी सायत्राबाई आमच्या कचेरीत आली. केशोरीहून गोंदिया म्हणजे दोन बस आणि अर्धा दिवस. कामावरून काढलं होतं.

"काऊन काढलं?" आमचा शिपाई डोमाजी तिला विचारत होता. डोमाजी इथलाच, घरी धानाची शेती करणारा. कचेरीत आलेल्या माणसाला पाणी देऊन बोलतं करायचं काम तो न सांगता करायचा.

"पोट्टीले पाहाले पाव्हने येनार होते," ती म्हणाली. "मुनीमले सकारीच सांगतलं होतं. थो म्हने, पाहू. चार वाजले तरी थो पाहूनच राहिला. मंग मी पाय धुतले आन निंगाली."

"मंग?"

"मंग काय. दुसऱ्या दिवशी गाडीत बसू नाई देल्लं."

पाहुण्यांना मुलगी पसंत पडली होती. लग्न ठरलं आणि त्याच आठवड्यात आईचं काम गेलं. नवरा दुसऱ्याच्या शेतावर, तेही हंगामापुरतं. मिलचं काम बारमाही होतं, आणि पंचक्रोशीत दुसरी मिल नव्हती. तिला दुसरं काही नको होतं, फक्त काम परत हवं होतं. मी तिला सांगितलं, काळजी करू नका. सकाळपासून चार वाजेपर्यंत राबून घरी गेली म्हणून कोणाला असं काढता येत नाही. मी तर अगदी छाती पुढे काढून सांगितलं, आपलंच जुनं पत्रक मात्र काढून बघितलं नाही.

समेटाची बैठक लागली. समेट म्हणजे आमचे साहेब मध्ये बसतात, एका बाजूला मालक, एका बाजूला कामगार, आणि गोडीगुलाबीने मिटतं का बघतात. नाही मिटलं तर प्रकरण कोर्टात जातं. तिथे त्याचा निकाल लागेपर्यंत सायत्राबाईच्या मुलीची मुलगी लग्नाला आली असती. म्हणजे जे व्हायचं ते त्याच खोलीत, त्याच दिवशी.

शेठ स्वतः आले होते, पांढरेशुभ्र कपडे, बरोबर मुनीम. साहेबांनी विचारलं, बाईला का काढलं? शेठनी खिशातून कागदाची घडी काढली आणि टेबलावर माझ्याकडे सरकवली.

"मॅडमजी, ये आपकीच लिखावट है ना?"

माझंच अक्षर होतं. माझीच सही. सायत्राबाई, दररोजचे कामाचे तास, पाच. खाली तिचा अंगठा.

"पाच तासांचंच काम साहेब, तेही पुरं न करता ती निघून गेली," शेठ गोंदियाच्या मराठीत म्हणाले. "आता आम्ही काय करायचं? सरकार खुद लिखकर गया है."

मी सायत्राबाईकडे वळले. आवाज चढलाच असणार.

"बाई, तुम्ही किती तास काम करता?"

"पाच, जी," ती म्हणाली.

"नीट आठवून सांगा. पाच?"

"पाचच. खोटं कायले सांगू?"

शेठ हसले नाहीत, पण मुनीम खिडकीबाहेर बघू लागला. साहेब माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या नजरेत जे होतं ते मला पुढचे पंधरा दिवस दिसत राहिलं असतं. मला त्या बाईचा राग आला. खरंच आला, लपवत नाही. अर्धा दिवस बस करून येते, काम गेलं म्हणते, आणि भर बैठकीत स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेते!

डोमाजी चहाचा ट्रे घेऊन आत आला होता. तो कप ठेवता ठेवता थांबला.

"मॅडम, तिले घंटे इचारा ना. तास कायले इचारून राहिले तुमी?"

"काय फरक आहे?"

"इचारून तं पाहा."

मी विचारलं, "बाई, किती घंटे काम करता?"

"घंटे?" सायत्राबाईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला आताशी अक्कल आली. "घंटे बारा होते जी. सहाले येतो, सहाले जातो. मंधात जेवाले एक घंटा."

साहेबांनी विचारलं, "आणि तास म्हणजे?"

उत्तर डोमाजीने दिलं. "नांगर चालला का जमिनीत रेघ पडते ना साहेब, तिले तास म्हन्ते. धान पायानं फाडत गेलं का अंगनात तशीच रेघ पडते. एकेकीले तास वाटून देल्ले रायते. हिच्याकडं पाच तास."

"रुखमीकडं चार," सायत्राबाईने भर घातली. "थे म्हातारी हाये. आन पोटुशीले दोनच देतो आमी. मुनीम नाई देत, आमीच वाटून घेतो."

नांगर मी आयुष्यात फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. शेतकरी ज्याला तास म्हणतो ते मी घड्याळात शोधत होते. आणि तो दयाळू मालक, गरोदर बाईला दोन तास देणारा, तो म्हणजे या बायाच होत्या. मुनीम इथलाच माणूस. माझ्या शेजारी ताक पीत बसला होता तेव्हा त्याला दोन्ही अर्थ कळत होते आणि तो गप्प राहिला. त्याला तरी काय बोलू? कळत नव्हतं ते मला.

शेठ सावरले. "साहब, ये सब सिखाया हुआ है. कागज पे लिखा है सो लिखा है."

मुद्दा बरोबर होता. लेखी जबाबापुढे चहा आणणाऱ्या शिपायाच्या शब्दाला काय किंमत? साहेब माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तुम्हाला काय म्हणायचंय?"

आमच्या खात्यात एक अलिखित नियम आहे. आपलं लिहिलेलं चूक होतं, असं लिहून द्यायचं नाही. एक जबाब चुकला म्हणालात तर उद्या प्रत्येक मालक प्रत्येक जबाब घेऊन दारात उभा राहतो, आणि वरून खुलासा मागवणारं पत्र येतं ते वेगळंच. माझ्या बढतीची फाईल तेव्हा नागपुरात होती. मी खोटं सांगणार नाही, ती फाईल मला आठवली. चहाचा एक घोट होईपर्यंत आठवत राहिली. मग मी कोरा कागद ओढला आणि लिहिलं की जबाब नोंदवताना 'तास' या शब्दाचा स्थानिक अर्थ मला माहीत नव्हता, म्हणून सर्व महिलांच्या कामाच्या वेळेची नोंद चुकीची झाली आहे, ही चूक माझी आहे. सही केली. अक्षर वाईट आलं.

साहेबांनी तो कागद वाचला, मग माझं जुनं पत्रक पुन्हा उचललं आणि शेवटपर्यंत वाचलं. मी स्वतः ते कधी शेवटपर्यंत वाचलं नव्हतं.

"शेठ, हे सोयी-सुविधांमध्ये काय आहे? बायांना फुकट गाडी, सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, एकच खेप. खाली तुमच्या मुनिमाची सही. कागज पे लिखा है."

मुनिमाची नजर खिडकीबाहेरून आत आली.

"काम पाच तासांचं," साहेब पुढे म्हणाले, "आणि बाया तुमच्या अंगणात बारा तास. जेवणाचा एक सोडा. उरलेले सहा तास काय करतात? हरिपाठ?"

डोमाजी फिसकन हसला आणि ट्रे घेऊन पळाला. शेठ व्यवहारी माणूस. बाजी कुठे पलटली हे त्यांना आमच्याआधी कळलं. एका बाईचा नऊ तासांपुढचा वेळ निघाला तर वीस बायांचा निघतो, आणि तोही दुपटीने, हे त्यांनी मनातल्या मनात मोजलं असणार. "अरे साहब, बाई आमच्या घरच्यासारखी आहे," ते म्हणाले. "गलतफहमी झाली. कल से आ जाओ बाई."

"कल नाही, सोमवारी," सायत्राबाई म्हणाली. "उद्या साखरपुडा हाये."

समेटाचं पत्र तिथेच झालं. सायत्राबाई कामावर परत, कामाचे नऊ तास, चार वाजता गाडीची एक खेप, पुढे थांबायचं तर बाईची मर्जी आणि दुप्पट दर. तिने अंगठा दिला आणि शाई फडक्याला पुसली. मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. डोमाजीने मला न विचारता दुसरा चहा आणून दिला. आभार मानायचे सोडून मी म्हटलं, साखर कमी आहे.

खुलाशाचं पत्र आलं. बढती आठ महिने उशिरा झाली. त्याचं दुःख नाही. दुःख दुसऱ्या गोष्टीचं आहे. त्यानंतर मी माझ्या तीन वर्षांच्या जुन्या फायली काढल्या. उसन्याच्या आणखी चार मिल, तोच प्रश्न, तशीच उत्तरं, पाच, चार, सहा. त्यातल्या दोन बंद पडल्या होत्या, बाया कुठे गेल्या कोणाला माहीत नव्हतं. राहिलेल्या दोन ठिकाणी मी पुन्हा गेले आणि घंटे विचारले. जिथे जाता आलं नाही तिथल्या बायांचे जबाब आजही कुठल्यातरी कपाटात माझ्या सुंदर अक्षरात पडून असतील.

महिनाभराने मी केशोरीच्या वाटेवरच्या त्या मिलमध्ये समेट पाळला जातोय का बघायला गेले. पावणेचार वाजले होते. मुनिमाने ताक विचारलं, मी नको म्हटलं. चारला गाडीचा भोंगा वाजला. सायत्राबाईने दाताळं भिंतीला लावलं आणि नळावर जाऊन पाय धुतले. बाकीच्या बाया जागच्या जागी उभ्या राहून मुनिमाकडे बघत होत्या. मुनीम माझ्याकडे बघत होता. मी हातातल्या घड्याळाकडे बघत उभी राहिले, जणू ते आजच विकत घेतलंय. मग म्हातारी रुखमी नळाकडे निघाली, आणि तिच्यामागे एकेक करत सगळ्या. दुप्पट द्यायचं म्हटल्यापासून शेठनाही चार वाजता धान वाळल्यासारखं दिसू लागलं होतं.

गाडीजवळ मी सायत्राबाईला गाठलं. सवयच ती, विचारल्यावाचून राहवत नाही.

"आता रोजचे दोन घंटे मोकळे मिळतात. काय करता त्यात?"

"काई नाई जी. बसतो."

"बसता?"

"हाव. दारात बसतो." ती हसली, जरा लाजलीसुद्धा. "नऊ बरसं झाले थ्या घराले. सकारी अंधारात निंगो, सांजच्याले अंधारात पोचो. आमच्या भितीवर संध्याकारचं ऊन कुठवर चढते, थे मले मालूमच नोतं."

"आणि आता?"

"आता मालूम झालं," ती म्हणाली आणि गाडीत चढली.